सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी जबडा, मान, छाती रोज काहीतरी दुखतंच. हे टेन्शनमुळे असतं का?

अबोली_अंबरनाथ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, पोस्ट मोठी होणार आहे.

वय ४१, बँकेत काउंटरला आहे, ब्रँच फोर्टमध्ये, राहायला अंबरनाथ. सकाळच्या गाडीला अंबरनाथवरून आत शिरायलाच मिळत नाही म्हणून आधी डाऊन करून बदलापूरला जाते आणि तीच गाडी परत येताना बसून येते, त्यामुळे घरातून लवकर निघावं लागतं. घरी नवरा आहे, त्यांची फिरतीची नोकरी, आठवड्यातले तीन-चार दिवस बाहेर. सासूबाई आहेत, मुलगा आठवीत.

आता त्रास. सकाळी उठल्यावर जबडा जाम झालेला असतो, कानाच्या पुढे ठणकतं, जांभई दिली की कट्ट असा आवाज येतो. मागच्या महिन्यात साधा वरणभात खाताना खालच्या दाढेचा तुकडा पडला, खडाबिडा काही नव्हता. मान आणि उजवा खांदा तर कायमचाच आखडलेला. रविवारी दुपारी जेवून उठलं की पोटात गोळा यायला सुरुवात होते, संध्याकाळपर्यंत छातीत धडधड. रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि पहिला विचार हाच की कॅश टॅली झाली होती ना, आता टॅली झाल्याशिवाय आम्हाला निघताच येत नाही हे मला माहितीये तरी तो विचार येतोच आणि मग पाचपर्यंत झोप नाही. परवा मुलाने गणिताची वही शाळेत विसरली एवढ्यावरून मी इतकी ओरडले की सासूबाई देवघरातून उठून आल्या.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, शुगर, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं करून घेतलं, सगळं नॉर्मल. म्हणाले काही झालेलं नाही मॅडम, टेन्शन घेऊ नका. आणि अ‍ॅसिडिटीची गोळी लिहून दिली, ती आता तीन-चार महिने चालू आहे. टेन्शन घेऊ नका म्हणजे नक्की काय करू नको हे मला कळलेलं नाही.

तर विचारायचं हे की हा सगळा त्रास ताणामुळेच आहे हे ओळखायचं कसं? आणि दुसरं, नोकरी सोडता येणार नाही, घराचं कर्ज आहे, जागा बदलणंही शक्य नाही. या वेळापत्रकात बसेल असं काही सांगा प्लीज. योगाचा क्लास आमच्याकडे सकाळी सहाला असतो, तेव्हा मी डबे भरत असते.

निवृत्त_कॅशियर

अबोलीताई, मी आयुष्यभर कॅशलाच बसलो, त्यामुळे तुमचं तीन वाजताचं जागणं मला बरोब्बर कळतं. कॅश शॉर्ट आली की ती आपल्या खिशातून भरावी लागते, ही भीती डोक्यातून रात्रीसुद्धा जात नाही. आमच्या वेळच्या एका सीनियर बाईंनी मला एक गोष्ट शिकवली होती ती सांगतो. एक छोटी खिशातली डायरी ठेवायची, क्लोजिंग झालं की त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची, आजची तारीख, कॅश जुळली, ताब्यात दिली, वेळ इतकी, आणि खाली सही. बँकेच्या रजिस्टरमध्ये हे सगळं असतंच, पण ते रजिस्टर रात्री तीनला आपल्याजवळ नसतं ना. डायरी उशाशी असते. विचार आला की दिवा न लावता नुसता हात लावला तरी पुरतं, हळूहळू ती डायरी उघडायचीही गरज पडेनाशी होते.

दुसरं म्हणजे पाणी. काउंटरवरच्या बायका पाणीच पीत नाहीत, कारण एकदा उठलं की लाईनमधले लोक बोलायला लागतात आणि पुढे परतीच्या गाडीत दीड तास सोय नाही. मग संध्याकाळी डोकं धरतं आणि आपण म्हणतो टेन्शनने धरलं. दुपारपर्यंत तरी पाणी नीट प्या आणि उठा, खुशाल उठा. दोन मिनिटं काउंटर बंदची पाटी लावायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि लागत असेल तर मॅनेजरशी ते स्पष्ट बोलून घ्या.

आणि जेवण काउंटरवर नको. अर्धा डबा खाऊन पासबुक प्रिंट करायला उठायचं ही सवय फार वाईट, मी सहकाऱ्यांची पोटं बिघडलेली बघितली आहेत.

दंतवैद्य_नाशिक

ताई तुमची दाढेची गोष्ट वाचून थांबलेच. सकाळी जबडा जाम, कानशिलं दुखणं, कानापुढे कट्ट आवाज, धडधाकट दाढेचा तुकडा पडणं, हे सगळं एकत्र आलं की आम्हा डेंटिस्टच्या डोक्यात पहिली शंका येते ती झोपेत दात खाण्याची किंवा करकचून आवळून धरण्याची. आवाज झालाच पाहिजे असं नाही. खूप लोक नुसते आवळतात, शेजारी झोपलेल्यालाही पत्ता लागत नाही.

घरी बघण्यासारख्या खुणा सांगते. आरशात जीभ बाहेर काढा, कडेला दातांचे ठसे उमटल्यासारखी झालर दिसते का? गालाच्या आतल्या बाजूला दात मिटतात त्या उंचीवर पांढरी आडवी रेघ आहे का? सुळ्यांची टोकं सपाट झालीत का? आता दोन्ही हात गालांवर कानाच्या खाली-पुढे ठेवा आणि दात आवळा, जो स्नायू टणक होऊन वर येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. तो दाबून दुखत असेल तर रात्रभर त्याने काम केलंय असं समजा.

पण एक स्पष्ट सांगते, दात खाण्याचं कारण दरवेळी ताणच असतो असं नाही. जास्त चहा-कॉफी, तंबाखू, दारू, डिप्रेशनवरची काही औषधं, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं यांचाही संबंध असतो. तुम्ही मोठ्याने घोरता का, सकाळी तोंड कोरडं पडलेलं असतं का हे घरी विचारा. तसं असेल तर झोपेची तपासणी लागेल आणि तो वेगळाच रस्ता आहे.

उपाय म्हणाल तर नाईट गार्ड, म्हणजे रात्री झोपताना दातांवर बसवायचं कव्हर. दातांचं माप घेऊन बनवलेला, ऑनलाईन मिळतो तो गरम पाण्यात मऊ करून चावायचा नको. तो दात वाचवतो, आवळणं थांबवतोच असं नाही, हे पेशंटला आधीच सांगितलेलं बरं. आणि दिवसा लक्ष ठेवा, कारण दिवसाही तुम्ही आवळत असणार. जबड्याची आरामाची जागा म्हणजे ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकलेली. बोलताना-खाताना सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत, हे सांगितलं की बहुतेकांना आश्चर्य वाटतं. तुमच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात एक छोटा रंगीत ठिपका चिकटवा, काय ते दुसऱ्या कोणाला कळायची गरज नाही. ठिपक्याकडे नजर गेली की दात सुटे करायचे. नोटा मोजताना आणि मशीन अडकल्यावर तर नक्की बघा.

कोथरूडचा_कोडर

मी सरळ सांगतो, इगतपुरीला जाऊन या. विपश्यनेचा १० दिवसांचा कोर्स, फी नाही, देणगी आपल्या इच्छेने. मोबाईल नाही, बोलणं नाही. मी आयटीत आहे, नाईट सपोर्टने पार वाट लागली होती, तिकडून आल्यावर डोकं शांत झालं. बाकी जिम, वॉक वगैरे आहेच पण मुळावर घाव तिथेच बसतो असं माझं मत.

अबोली_अंबरनाथ

सगळ्यांचे खूप आभार. दंतवैद्य ताई, जिभेला झालर आहे. गालातली रेघ पण आहे. आरशासमोर उभी राहून हे बघताना अंगावर काटा आला. घोरत नाही, सासूबाईंना विचारलं, पण त्या म्हणाल्या की तू झोपेत दात खातेस हे मला कधीचं माहितीये, म्हटलं जंत असतील.

कोडर दादा, इगतपुरीबद्दल खूप ऐकलंय पण सलग तेवढी रजा मिळणं आत्ता तरी शक्य नाही, नवरा फिरतीवर असताना सासूबाई आणि मुलाला सोडून जाताही येणार नाही.

मिरजेची_मीनल

अबोलीताई, मी समुपदेशनाचं काम करते, जास्त करून नोकरदार बायकांबरोबरच. कोडर दादांचा अनुभव खरा असणार, पण ज्यांना छातीत धडधड, झोप मोडणं असा त्रास चालू आहे त्यांनी १० दिवसांचं मौन एकदम करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. गप्प बसल्यावर आतलं सगळं वर येतं आणि ते प्रत्येकालाच पेलतं असं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, ओळखायचं कसं. ताण ही आजारासारखी एकदम येणारी गोष्ट नाही. अंगावर संकट आलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल सोडतं, हृदय जोरात, श्वास उथळ, स्नायू ताठ, पचन मागे ढकललेलं. साप दिसला तर हे उपयोगाचंच आहे, पळता येतं. पण रिजनल ऑफिसचा फोन आला तरी शरीर तेच करतं आणि तिथे पळायचं कुठे, तुम्ही खुर्चीत बसूनच राहता. स्नायू ताठ झाले ते झालेच. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं की त्रास देणारी गोष्ट कुठलीही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. फक्त तो जाणवतो कुठे हे ज्याचं त्याचं वेगळं, एकाला पोट, एकाला डोकं, एकाला पाठ, तुम्हाला जबडा.

तुमच्या पोस्टमध्येच उत्तराचा मोठा भाग आहे. रविवार दुपार. सोमवार अजून आलेला नाही, काउंटर समोर नाही, तरी पोटात गोळा. म्हणजे शरीर होणाऱ्या गोष्टीला नाही, येणाऱ्या गोष्टीला प्रतिसाद देतंय. दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. कधी दुखलं, अंगात कुठे, त्याच्या आधीच्या तासाभरात काय झालं होतं, काय खाल्लं-प्यायलं होतं. एवढंच, निबंध नको. आणि सुट्टीत गावाला गेल्यावर काय होतं तेही आठवून बघा. तिथे चार दिवसांत मान सुटते का? एक गंमत अशी की सुट्टीच्या पहिल्या दिवशी काहींचं डोकं उलट जास्त दुखतं, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं बघा.

मुलावर ओरडणं आणि वस्तू विसरणं हेसुद्धा त्याच यादीतलं आहे. डोकं सतत पुढच्या धोक्याकडे लागलेलं असलं की हातातल्या कामावर लक्ष राहत नाही, आणि लक्षच नसेल तर आठवणार काय. बायका माझ्याकडे येऊन म्हणतात मला विस्मरणाचा रोग झाला बहुतेक, आणि बोलता बोलता कळतं की तीन वर्षांत एक रात्रही नीट झोपलेल्या नाहीत.

वेळापत्रकात बसेल असं विचारलंत. तुमच्याकडे बदलापूरपासून बसायची जागा आहे, ही फार मोठी गोष्ट आहे. त्या वेळात तुम्ही काय करता? मोबाईलवर ब्रँचचा ग्रुप बघत असाल तर तुमची ड्युटी बदलापूरलाच सुरू होते. बदलापूर ते कल्याण एवढा टप्पा फक्त स्वतःसाठी ठेवा. डोळे मिटायची गरज नाही, पर्स मांडीवर घट्ट धरलेली चालेल. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेरचा लांब हे महत्त्वाचं, कारण श्वास घेताना हृदयाचा वेग किंचित वाढतो आणि सोडताना कमी होतो, सोडणं लांबवलं की तो ब्रेक जास्त वेळ लागतो. पाच मिनिटं पुरे. गरगरलं तर थांबा, जोर लावून करायचं नाही हे.

मग खांदे. दोन्ही खांदे कानापर्यंत वर ओढा, पाच आकडे धरा, आणि एकदम सोडून द्या. मुठींचं तसंच, पायाच्या बोटांचं तसंच. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची ही पद्धत जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे. आधी ताणून मग सोडायचं ते एवढ्यासाठी की सैल म्हणजे काय हे ताठ अंगाला विसरायला झालेलं असतं. जबड्याला मात्र हे करू नका, तो आधीच भरपूर ताणलेला आहे.

तीनच्या जागेपणीचं, निवृत्त काकांची डायरी फार आवडली. त्यात एक भर, संध्याकाळी घरी आल्यावर १५ मिनिटं काळजीची वेळ ठेवा. जे जे डोक्यात आहे ते कागदावर, आणि प्रत्येकापुढे उद्या यातलं मी काय करू शकते ते एका ओळीत. रात्री विचार आला की त्याला सांगायचं, तुझी वेळ उद्या साडेआठची. पहिले काही दिवस ऐकत नाही तो, नंतर ऐकतो. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, झोप आली की परत जा. घड्याळ बघायचं नाही.

औरंगपुऱ्याचा_डॉक्टर

वर चांगले सल्ले आलेत, माझे मुद्दे फक्त वैद्यकीय.

छातीचं. धडधड रविवारी बसल्या बसल्या होते असं लिहिलंय. पण अंबरनाथ किंवा सीएसएमटीचा पूल चढताना छातीत दाब, धाप, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ असं कधी होतं का? झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदयाचा प्रश्न पूर्ण मिटला असं होत नाही. आणि बायकांमध्ये हार्टचं दुखणं बऱ्याचदा छातीत न येता जबडा, पाठ, मळमळ, अतोनात थकवा असंही येतं. चालताना-चढताना येणारं आणि थांबल्यावर कमी होणारं दुखणं असेल तर फिजिशियनला भेटा. घाम फुटून दुखायला लागलं तर ताण आहे की अजून काही याचा विचार करत बसू नका, १०८ ला फोन करा.

दुसरं, अ‍ॅसिडिटीची गोळी. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने चालू ठेवू नका. या गोळ्या खूप काळ घेतल्या की बी१२ कमी होऊ शकतं. तुम्ही शाकाहारी असाल तर ते आधीच कमी असण्याची शक्यता आहे, आणि बी१२ कमी असलं की थकवा, चिडचिड, विसरणं हे सगळं होतं. तुमच्या तपासण्यांच्या यादीत बी१२, फेरिटिन आणि ड जीवनसत्त्व दिसलं नाही, ते करून घ्या. हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो.

तिसरं, वय ४१. पाळी अनियमित व्हायला लागली आहे का? पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षं झोप मोडणं, धडधड, चिडचिड हे हार्मोन्समुळेही होतं, आणि बायका ते सगळं टेन्शनच्या खात्यावर टाकून मोकळ्या होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा विचारा.

चहा किती होतो? कॅफीनचा निम्मा अंश उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अंगात निम्मा असतो. दुपारी तीननंतर चहा बंद करून बघा, पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखेल, घाबरू नका.

आणि कळकळीने सांगतो, शेजारणीने दिली किंवा मेडिकलवाल्याने दिली म्हणून झोपेची गोळी सुरू करू नका. अल्प्राझोलाम जातीच्या गोळ्यांची सवय लागते, नंतर एकदम बंद करता येत नाहीत, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. माझ्या ओपीडीत अशी माणसं रोज येतात.

अबोली_अंबरनाथ

डॉक्टर, पूल चढताना दुखत नाही, धाप लागते पण ती सगळ्यांनाच लागते असं मी धरून चालले होते. दाखवून घेते. शाकाहारीच आहोत आम्ही. चहा मोजला तर घरचे दोन, ब्रँचमधले तीन, आणि सहाचा स्टेशनबाहेरचा एक. पाळीचं म्हणाल तर वर्षभर पुढेमागे होतंय, पण त्याचा आणि झोपेचा संबंध लावलाच नव्हता कधी.

मीनलताई, गाडीत मी खरंच ग्रुपच बघते. आमच्या ब्रँचचा ग्रुप आहे, त्यात रात्री साडेनऊ-दहाला सुद्धा आकडे येतात, किती विमा पॉलिसी, किती खाती, कोणाचं शून्य. शून्यवाल्यांची नावं वेगळी टाकतात. म्युट करायचा धीर होत नाही.

घरच्याबद्दल लिहायचं राहिलं. नवरा चांगला आहे, काही सांगितलं की करतो, पण सांगावं लागतं. सांगण्यापेक्षा मीच करते पटकन.

निवृत्त_कॅशियर

ताई, म्युट करा. ब्रँचला खरी गरज लागली तर कोणीतरी फोन करतं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून कोणी वाट बघत बसत नाही. मॅनेजरना एकदा शांतपणे सांगा की प्रवासात आणि रात्री ग्रुप बघत नाही, तातडीचं असेल तर फोन करा. शून्याची यादी लावणं ही पद्धत चुकीची आहे आणि ते मी युनियनच्या मीटिंगमध्येही बोललो आहे. तुमच्याकडे युनियन असेल तर एकटीने न बोलता चार-पाच जणींनी मिळून हा विषय काढा. एकटीचा त्रास म्हटला की तुम्हीच नाजूक ठरता, पाच जणींचा म्हटला की कामाच्या पद्धतीवर बोलणं सुरू होतं.

ठाकुर्ली_वेस्ट

सांगण्यापेक्षा मीच करते पटकन, हे वाक्य आमच्या घरातलंच आहे. मी नवऱ्याच्या बाजूने लिहितोय. माझी बायको नर्स, शिफ्ट ड्युटी. आमच्याकडे बदल झाला तो मदत बंद केल्यावर. म्हणजे मी मदत करणं बंद केलं आणि काही कामं पूर्णच माझ्या नावावर घेतली. मुलाची शाळा हे खातं माझं. शाळेच्या अ‍ॅपवरची नोटीस वाचणं, प्रोजेक्टचा कार्डबोर्ड संपलाय हे लक्षात ठेवणं, फीची तारीख, पालकसभा, सगळं. बायकोने ते अ‍ॅपच मोबाईलमधून काढून टाकलं. सुरुवातीला एकदा सहलीचे पैसे भरायची तारीख गेली, तरी तिने मध्ये पडायचं नाही असं ठरलं होतं आणि ती पडली नाही, ते फार महत्त्वाचं होतं. आठवण करून द्यावी लागली तर ते काम अजून तिच्याच डोक्यात आहे असा अर्थ होतो.

फिरतीवर असताना पण शाळेचं खातं सांभाळता येतं, ते सगळं मोबाईलवरच असतं. किराणा पण फोनवरून सांगता येतो. सासूबाईंना पण विचारा, त्या घरात आहेत, कदाचित त्यांनाही एखादं पूर्ण काम हवं असेल. आणि आठवीतला मुलगा स्वतःचा डबा भरू शकतो, कुकर लावू शकतो. आमचा सातवीत कुकर लावायला शिकला.

मिरजेची_मीनल

ठाकुर्ली दादा, अगदी मनातलं लिहिलंत.

अबोलीताई, एक गोष्ट विचारायचीच आहे, रागावू नका. गेल्या काही आठवड्यांत असं होतंय का की आवडीचं काहीच आवडेनासं झालंय, बराचसा दिवस उदास जातो, आपण कुचकामी आहोत असं वाटतं, किंवा नको हे जगणं असा विचार येऊन गेला? असं सलग दोन आठवडे असेल तर तो रोजचा ताण राहत नाही, ते डिप्रेशन असू शकतं, आणि त्याला श्वासाचे व्यायाम पुरत नाहीत. त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. नसेल तर उत्तमच, पण इथे वाचणाऱ्या अजून कोणाला असेल म्हणूनही लिहितेय.

बोलायला माणूस हवं असेल तर टेली मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. तुमच्या जवळ म्हणजे ठाण्यात आयपीएच आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली संस्था, तिथे समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही आहेत. पैशांचा प्रश्न असेल तर केईएम, सायन, नायर, जेजे या सगळ्या सरकारी-पालिका हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. तिथे गर्दी असते, पण माणसं चांगली आहेत.

अबोली_अंबरनाथ

नाही मीनलताई, जगणं नको असं नाही वाटत. रविवारी सकाळी मुलाबरोबर शिवमंदिरापर्यंत चालत जाते ते अजूनही खूप आवडतं. पण विचारलंत ते बरं वाटलं, आजवर कोणी विचारलं नव्हतं.

काल नवऱ्याला हा पूर्ण धागा वाचायला दिला. त्यांनी शाळेचं अ‍ॅप स्वतःच्या मोबाईलवर टाकून घेतलं आणि माझ्यातलं काढलं. माझा हात अजून तिकडे जातो. सासूबाई म्हणाल्या संध्याकाळची भाजी आणि कणीक माझ्याकडे, पण मी करीन तशी खायची, तिखट म्हणायचं नाही. ग्रुप म्युट केलाय, मॅनेजरशी सोमवारी बोलणार.

दोन शंका आहेत. १४४१६ ला फोन केला तर ऑफिसला कळतं का? आणि आमच्या मेडिक्लेममध्ये समुपदेशनाची फी मिळते का?

मिरजेची_मीनल

ऑफिसला काहीही कळत नाही, तुम्ही काय बोललात ते गोपनीय असतं.

मेडिक्लेमचं असं आहे की २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरावं असं स्पष्ट म्हटलंय. पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरचा खर्च देतात, ओपीडी आणि समुपदेशनाची फी त्यात बसतेच असं नाही. तुमची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला नुसतं ओपीडी कव्हर आहे का एवढंच विचारा, कशासाठी ते सांगायची गरज नाही. काही बँकांमध्ये कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची वेगळी सोय असते, तीही विचारून बघा.

दंतवैद्य_नाशिक

ताई एक राहिलं. नाईट गार्डसाठी जाल तेव्हा आधी तुटलेल्या दाढेचं काम पूर्ण करून घ्या. फिलिंग किंवा कॅप जे काही लागेल ते आधी, मग माप. उलट केलंत तर कॅप बसल्यावर गार्ड बसत नाही आणि परत नवा बनवावा लागतो. आणि गार्ड मिळाल्यावर सुरुवातीला लाळ जास्त सुटते, तोंडात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आठ-दहा दिवसांत सवय होते. थंड पाण्यानेच धुवायचा, गरम पाण्याने वाकडा होतो. तोवर सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोन्ही गाल दहा मिनिटं शेका, आणि कडक भाकरी, चिक्की, शेवेचे लाडू सध्या बंद.